फिजिओकडचं पिलाटेस : व्यायाम माणसागणिक कसा ठरतो? (नागपूर)

फुटाळा (धागाकर्ती)

नागपुरात 'पिलाटेस' असा फलक आता जिममध्येही दिसतो, योगवर्गाच्या दारावरही आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यातही. व्यायामांची नावं तिन्हीकडे सारखीच. म्हणून कंबर दुखणारा माणूस घराजवळ जे असेल तिथे नाव घालतो आणि रांगेतले बाकीचे करतील ते करतो. फिजिओकडचं पिलाटेस इथेच वेगळं होतं. तिथे आधी तपासणी होते आणि त्या तपासणीत यादीतले कितीतरी व्यायाम गळतात. काय गळलं आणि का गळलं हे ज्याला सांगता येतं त्याच्याकडेच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ पद्धत जोसेफ पिलाटेस यांची. जन्म 1883, जर्मनी. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिशांच्या नजरकैदेत होते, पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाले. त्यांनी पद्धतीला 'कंट्रोलॉजी' नाव दिलं होतं. चटईवरचे मूळ व्यायाम 34, आणि ते धडधाकट शरीराला डोळ्यासमोर ठेवून रचलेले. पाठ गोल करून लोळणं, पाय डोक्यामागे नेणं हे सगळं त्यात आहे. दुखऱ्या पाठीला ते जसंच्या तसं झेपत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्टांनी एकेका व्यायामाच्या चार-पाच पायऱ्या पाडल्या. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओंचा या कामात मोठा वाटा आहे.

पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास लागतो. उभ्याने 10 वेळा पुढे वाकणं, 10 वेळा मागे वाकणं, मग तेच आडवं पडून. प्रत्येक फेरीनंतर एकच विचारायचं असतं : दुखणं पायात खाली सरकलं की वर कमरेकडे आलं? वर आलं तर ती दिशा कामाची. खाली सरकलं तर ती दिशा सध्या बंद. पायातली कळ ओसरली आणि कमरेत थोडं वाढलं, तर पेशंट घाबरतो, पण ते चांगलं लक्षण असतं.

मग नसांची तपासणी. टाचांवर चालणं, चवड्यांवर चालणं, पायाचा अंगठा वर ओढून धरणं, गुडघ्याचा आणि घोट्याचा रिफ्लेक्स. अंगठ्याचा जोर कमी असेल तर कमरेतल्या एल-5 नसेवर संशय, चवड्यावर टाच उचलत नसेल तर तिच्या खालच्या एस-1 नसेवर. त्यानंतर उताणं झोपून सरळ पाय साधारण 20 सेंटिमीटर उचलायला सांगतात. पाय जड वाटला तर फिजिओ कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी दाबून धरते आणि पुन्हा उचलायला लावते. दाबल्यावर पाय हलका झाला, तर कटीच्या भागाला आतून मिळणारा आधार अपुरा आहे असं समजायचं. बाळंतपणानंतर ही चाचणी फार उपयोगी पडते.

आता फरक कसा पडतो ते पाहा. तिघांच्याही कागदावर 'कंबरदुखी, एल-4 एल-5' (कमरेचा चौथा-पाचवा मणका) एवढंच आहे. पहिल्याची चकती सरकली आहे, पुढे वाकलं की पायात कळ जाते : त्याचं रोल-अप (उताण्यावरून पाठ गोल करत उठणं) बंद, बसून पायाची बोटं धरणं बंद, पालथं पडून छाती उचलणं चालू. दुसऱ्याच्या मणक्याची नळी अरुंद झाली आहे, थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात आणि वाकून बसलं की बरं वाटतं : त्याला नेमकं उलट, छाती उचलणारा स्वान बंद, गुडघे पोटाशी घेणं चालू. तिसऱ्याचा मणका पुढे घसरलेला आहे : त्याला मागे वाकवणारं काहीही नको, ब्रिजसुद्धा (उताणं पडून नितंब उचलणं) अर्ध्या उंचीपर्यंतच. तिघांना एका वर्गात एकच क्रम दिला तर निदान एकाचं तरी बिघडणार.

आणि हे एमआरआय वाचून ठरवू नका. रिपोर्ट सारखे असतात, शरीराचं उत्तर वेगळं असतं.

रविनगरकर

धागा चांगला आहे. एक विचारतो. सगळीकडे 'न्यूट्रल स्पाइन ठेवा', म्हणजे कंबर मधल्या स्थितीत ठेवा, म्हणतात. एकीकडे कंबर जमिनीला चिकटवायला सांगतात, दुसरीकडे खाली हात जाईल एवढी जागा ठेवायला. नेमकं काय करायचं, आणि घरी ते तपासायचं कसं? वर्गात जमतं, घरी जमून नाही राहिलं.

फुटाळा

उताणं झोपा, गुडघे वाकलेले, पावलं खुब्याएवढ्या अंतरावर. कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर तळहातांचे मनगटाजवळचे भाग आणि बोटांची टोकं खाली जांघेच्या मधल्या हाडावर. हा त्रिकोण झाला. कमर पूर्ण खाली दाबा, मग पूर्ण कमान करा, असं 5-6 वेळा करा आणि मध्ये जिथे त्रिकोण जमिनीला समांतर येतो तिथे थांबा. कमरेखाली किती जागा राहते हे प्रत्येकाचं वेगळं. नितंब मोठे असतील तर जागा जास्त दिसेल, ते चूक नाही.

तपासायला फिजिओकडे प्रेशर बायोफीडबॅकची, म्हणजे दाब काट्यावर दाखवणारी हवेची पिशवी असते. कमरेखाली ठेवून ती 40 पर्यंत (बीपीसारखाच पाऱ्याचा मिमी दाब) फुगवतात आणि पाय हलवताना काटा पाहतात. घरी काट्याचं जुनं बीपी यंत्र असेल तर त्याचा पट्टा घडी करून तेच काम करतो. आपोआप फुगणारं डिजिटल यंत्र चालत नाही, ते मध्येच हवा सोडतं. आधी पट्टा 40 वर ठेवून एक मिनिट न हलता पडून राहा. काटा आपला आपण उतरला तर पट्टा गळतोय, तो वापरू नका. मग एक गुडघा हळूच बाहेर पाडा आणि परत आणा. काटा 10 पेक्षा जास्त हलायला नको. 50 च्या वर गेला तर कमर जमिनीत दाबली, 30 च्या खाली आला तर कमान झाली.

पायऱ्या अशा चढायच्या : टाच जमिनीवरून सरकवणं, गुडघा बाहेर पाडणं, एक पाय 90 अंशात उचलणं, दोन्ही पाय एकामागून एक उचलणं, आणि सगळ्यात शेवटी उचललेला पाय लांब करणं. एका पायरीवर 10 वेळा, श्वास चालू ठेवून, काटा 10 पेक्षा जास्त न हलता जमलं की पुढची. कोणी दोन दिवसांत दोन पायऱ्या चढतं, कोणी एका पायरीवर तीन आठवडे असतं. दोन्ही ठीक.

कमर पूर्ण चिकटवणं चूकच आहे असं नाही. दोन्ही पाय हवेत असताना ज्याला मधली स्थिती धरता येत नाही, त्याने तेवढ्यापुरती कमर हलकी टेकवली तर पाठ वाचते. सवय म्हणून दिवसभर तसं ठेवायचं नाही.

तिसरा_मणका

मीही याच क्षेत्रातला आहे. वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, पण 'पोट आत ओढा' या सूचनेबद्दल लिहायला हवं, कारण नागपूरच काय, सगळीकडेच तिचा अतिरेक होऊन राहिला आहे.

याचं मूळ 1996 च्या संशोधनात आहे. क्वीन्सलँड विद्यापीठात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की हात झटकन हलवताना निरोगी माणसाचा पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू आधीच जागा होतो, आणि कंबरदुखीवाल्यांत तो उशिरा जागा होतो. त्यावरून हा एकच स्नायू वेगळा काढून आवळण्याची पद्धत पडली. पण उशीर हा दुखण्यामुळे झाला की उशिरामुळे दुखलं, हे त्यातून ठरत नाही. आणि पुढे हेही दिसलं की साध्या व्यायामानेही कंबर तेवढीच सुधारते.

माझ्या पद्धतीत हा स्नायू फक्त पहिल्या एक-दोन सत्रांत शिकवतो, तोही जाणीव यावी म्हणून. कमरेच्या पुढच्या हाडापासून दोन बोटं आत आणि थोडं खाली बोटं ठेवा. श्वास सोडताना लघवी अडवल्यासारखं हलकंसं वर ओढा. बोटांखाली ताण आला पाहिजे, फुगवटा नाही. जोर पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्श्याएवढा पुरे. श्वास अडकला, बरगड्या आवळल्या, कमर दबली किंवा बोटं बाहेर ढकलली गेली तर जोर जास्त झाला.

एकदा जमलं की विसरून जा. भाजी आणताना, स्कूटर चालवताना, ओट्याशी पोळ्या लाटताना पोट आवळून राहणाऱ्यांची पाठ आणखी ताठरते. दुखण्याची भीती असलेला पेशंट असेल तर मी ही सूचना देतच नाही, त्याला मोकळं हलायला शिकवणं जास्त गरजेचं असतं.

फुटाळा

मान्य. एक भर : बाळंतपणानंतर आणि खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांमध्ये मी ही सूचना जास्त काळ ठेवते. तिथे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हाच मुख्य विषय असतो.

चटईवाली

तीन अडचणी. 'हंड्रेड' करताना पोटाआधी मान भरून येते. क्लॅममध्ये (कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं) नितंबाऐवजी खुब्याच्या पुढे लागतं. ब्रिजमध्ये मांडीच्या मागे गोळा येतो. वर्गात सांगतात की सवय झाली की जाईल. जातं का?

तिसरा_मणका

आपोआप जात नाही. तिन्हींना कारण आहे.

मान : मूळ व्यायामात डोकं उचलून, पाय लांब करून, 5 मोजत श्वास घेत आणि 5 मोजत सोडत, अशा 10 फेऱ्या म्हणजे 100 वेळा हात वर-खाली करतात. डोक्याचं वजन साधारण 4-5 किलो. मानेचे पुढचे खोल स्नायू दुबळे असतील तर हनुवटी छताकडे जाते आणि वरवरचे स्नायू ओढतात. डोकं खाली ठेवून करा, पावलं जमिनीवर, 5 फेऱ्या. पोटाला तेवढ्यानेही काम मिळतं. सोबत वेगळा मानेचा व्यायाम : उताणं पडून 'हो' म्हणताना होते तेवढीच मान हलवायची, डोकं उचलायचं नाही, 10 सेकंद धरायचं, 10 वेळा. गळ्याच्या बाजूच्या दोऱ्या ताठ झाल्या तर जोर जास्त. हे नीट जमल्यावर डोक्याखाली जाड उशी घेऊन तिथून उचलायला सुरुवात करा.

क्लॅम : वरचा खुबा मागे लोळतोय. पाठ आणि नितंब भिंतीला टेकवून कुशीवर झोपा, म्हणजे मागे जाता येणार नाही. मांड्या पोटाकडे जास्त घेतल्या असतील तर थोड्या खाली न्या, साधारण 45 ते 60 अंश. गुडघा जेवढा उघडतो त्याच्या अर्ध्यावरच थांबा. नितंबाच्या मागच्या-वरच्या भागात बोटं ठेवून तिथेच घट्ट होतंय ना ते पाहा. रबर पट्टा हे जमल्याशिवाय लावू नका, पट्ट्याने चूक पक्की होते.

ब्रिज : टाचा नितंबापासून लांब आहेत. जवळ घ्या. मांडी आणि पोटरीतला कोन काटकोनापेक्षा कमी व्हायला हवा. वर जाताना टाचांनी जमीन स्वतःपासून दूर ढकलल्यासारखी करा. तरी गोळा येत असेल तर नितंब कामच करत नाहीत, मग पालथं पडून नितंब आवळण्यापासून सुरुवात. वर गेल्यावर कमरेत चिमटा बसला तर खूप वर गेलात, बरगड्या आणि खुबा एका रेषेत आले की पुरे.

पाय खाली नेताना खुब्यात 'कट' आवाज येतो, तेही बरेच जण विचारतात. दुखत नसेल तर घाबरण्यासारखं नाही. गुडघा वाकवून ठेवा, पाय किंचित बाहेर वळवा, आवाज येतो त्याच्या अलीकडेच थांबा.

सावनेरकर

आईसाठी विचारतो आहे. वय 66, डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मणक्याचा टी-स्कोर उणे 2.8. पाठीत पोक यायला लागलं आहे. गोळ्या सुरू आहेत. घराजवळच्या वर्गात तिला सिट-अपसारखं पाठ गोल करत उठायला लावतात, आणि बसून पुढे वाकायला. तिला करताना काही दुखत नाही, म्हणून करून राहिली. चालेल का?

फुटाळा

दादा, आजच थांबवा. दुखत नाही हा इथे निकष नाही.

उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. पाठ गोल करून पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ती कड पाचरीसारखी दबते. पोक येतं ते बऱ्याचदा अशाच दबलेल्या मणक्यांनी, आणि कित्येकदा ते दुखल्याशिवाय घडतं. 1984 चा सिनाकी आणि मिकेल्सन यांचा अभ्यास यासाठी अजून सांगितला जातो. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांत पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात 89 टक्के जणींच्या मणक्यात नवे बदल किंवा फ्रॅक्चर दिसले, पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात 16 टक्के. गट लहान होते, तरी दिशा स्पष्ट आहे.

त्यांना बंद : रोल-अप, पाय डोक्यामागे नेणारं रोल-ओव्हर, बॉलसारखं लोळणं, बसून पुढे ताणणं, वाकून पिळणारा 'सॉ', आणि हातात वजन घेऊन कंबर पूर्ण वळवणं. उंची कमी झाली असेल किंवा एका जागी मणक्यावर दाबल्यावर दुखत असेल तर आधी पाठीचा एक्स-रे काढून घ्या.

चालू : पोटाखाली उशी घेऊन पालथं पडून, कपाळ जमिनीवरून जेमतेम दोन बोटं उचलणं, खवाटे मागे-खाली, 5 सेकंद धरून, 8 वेळा. पालथं पडवत नसेल तर हेच भिंतीशी उभं राहून : टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ टेकलेली, डोक्याचा मागचा भाग भिंतीकडे नेणं. दाराच्या कडीला रबर पट्टा अडकवून कोपर मागे ओढणं, 10 वेळा, दोन फेऱ्या. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, 8 ते 10 वेळा. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहणं, आधी 10 सेकंद, मग वाढवत 30. पडणं टाळणं हे हाडांच्या गोळीइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि खुब्यातून वाकणं शिकवा. पाठीवर उभी काठी धरायची, ती तीन ठिकाणी लागली पाहिजे : डोक्यामागे, खवाट्यांच्या मध्ये, माकडहाडावर. गुडघे थोडे सैल, नितंब मागे, तिन्ही ठिकाणं न सुटता जेवढं वाकता येईल तेवढंच. रांगोळी, फरशी पुसणं, खालच्या कप्प्यातला डबा काढणं ही सगळी कामं याच पद्धतीने. रांगोळी पाटावर बसून वाकण्यापेक्षा टेबलावर थाळीत काढा किंवा एक गुडघा टेकवून काढा. वर्गात तासभर जपलं आणि घरी दिवसभर पाठ गोल केली तर उपयोग नाही.

बेसा_रोड

यंत्रावरच्या, म्हणजे रिफॉर्मरवरच्या पिलाटेसबद्दल कोणी सांगेल का? चटईपेक्षा ते सोपं असतं की अवघड? स्प्रिंग कमी लावल्या की हलकं होतं ना?

तिसरा_मणका

नेहमी नाही, आणि इथेच नवखे शिक्षक चुकतात.

रिफॉर्मरवर स्प्रिंगांना जोडलेली सरकती फळी असते, तिलाच गाडी म्हणतात. उताणं पडून पायाने ती ढकलायची असेल तर जास्त स्प्रिंग म्हणजे जास्त जड. पण गाडीवर गुडघे टेकून किंवा प्लँकमध्ये (पालथं, हातापायांवर शरीर फळीसारखं सरळ धरणं) धड स्थिर ठेवायचं असेल तर उलट. तिथे स्प्रिंग गाडीला जागेवर धरून ठेवते. कमी स्प्रिंग लावली की गाडी सुळकन पळते आणि पोटाला ती थांबवावी लागते. म्हणून दुबळ्या माणसाला 'हलकं' म्हणून एक पिवळी स्प्रिंग लावून प्लँक दिला तर तो सगळ्यात अवघड व्यायाम दिला. आणि रंगांवर जाऊ नका. अनेक कंपन्यांत लाल जड, निळी मध्यम, पिवळी हलकी असते, पण सगळ्यांत नाही. त्या यंत्रावर काय आहे ते विचारा.

रिफॉर्मरचा खरा फायदा गुडघ्यांना. सांधा झिजलेला माणूस उभ्याने बैठक मारू शकत नाही, कारण पूर्ण वजन गुडघ्यावर. आडवं पडून स्प्रिंगविरुद्ध तीच हालचाल वजनाच्या काही अंशावर करता येते, आणि स्प्रिंग वाढवत न्यायची. गुडघा 60 अंशांपर्यंतच वाकवून सुरुवात. शस्त्रक्रियेनंतर पायावर थोडंच वजन टाकायची परवानगी असते तेव्हाही हे सोयीचं.

खुबा बदललेल्या माणसाला मात्र जपून. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर खुबा 90 अंशांपलीकडे वाकवणं, पाय मध्यरेषा ओलांडून नेणं आणि आत वळवणं, हे तिन्ही सर्जनने सांगितलेल्या काळापर्यंत बंद. फूटबार (पाय टेकवायचा दांडा) जवळ असेल तर गुडघा छातीकडे येऊन 90 सहज ओलांडतो. गाडीचा थांबा एक-दोन खाचा लांब करून घ्या.

चढताना-उतरताना निदान एक जड स्प्रिंग लावलेली हवी. मोकळी गाडी पायाखालून सरकते, म्हातारी माणसं त्यातच पडतात. स्प्रिंग सैल असताना वेटोळ्यांत फट दिसली, गंज किंवा मुरड दिसली तर ती बदलायला झाली. रोज वापर असेल तर साधारण दोन वर्षांनी बदलतातच.

घरी यंत्र घ्यायची गरज नाही. 10 ते 15 मिलिमीटरची चटई, दोन जाडीचे रबर पट्टे, 22-25 सेंटिमीटरचा मऊ चेंडू आणि दोन टॉवेल यात बरंच काम होतं. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, तिच्याखाली पातळ योगा मॅट टाका. हातापायांवर असताना मनगट दुखत असेल तर टॉवेलची गुंडाळी तळहाताच्या टाचेखाली, किंवा सरळ मुठींवर.

मेडिकल_चौक

दोन गोष्टी राहिल्या, म्हणून लिहितो.

व्यायामाआधी डॉक्टरकडे जायची लक्षणं : बसायच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी-संडासावरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडकणं, पाऊल लटकं पडणं. यांत त्याच दिवशी, रात्रीही असेल तरी दवाखाना. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन यांत मणक्याचा टीबी आणि इतर आजार आधी नाकारायचे. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या नव्या पाठदुखीलाही हाच नियम.

दुसरं, समोरचा खरंच फिजिओ आहे का? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, काही वर्षांची असते, त्यात इंटर्नशिपही. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, खरा फिजिओ लगेच देतो. शनिवार-रविवारचा पिलाटेसचा कोर्स हे पदवीवरचं शिक्षण झालं, पदवी नव्हे. उलटही खरं : पदवी आहे पण पिलाटेस शिकलेलंच नाही, असेही असतात. दोन्ही विचारा.

मधुमेहींसाठी : इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर सत्राआधी साखर बघा, 90 च्या खाली असेल तर आधी काही खा. तळपाय बधिर असतील तर अनवाणी फूटबारवर जायचं नाही, ग्रिपचे मोजे घाला आणि घरी गेल्यावर तळवे पाहा. डोळ्याच्या पडद्याला रक्तस्राव होण्यासारखा त्रास असेल तर श्वास कोंडून जोर लावणं पूर्ण बंद.

अंबाझरी_वळण

सिझेरियनला तीन महिने झाले असतील तर? पोटाच्या मध्ये बोटं जातात. यूट्यूबवर प्लँक सुरू करा म्हणतात.

फुटाळा

ताई, आधी मोजा. उताणं, गुडघे वाकवून, डोकं थोडंसं उचला आणि बेंबीवर, बेंबीच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं अशा तीन ठिकाणी बोटं आडवी घाला. दोन बोटांपेक्षा जास्त रुंदी म्हणजे पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये फट आहे. पण रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची : बोटं खोल बुडतात की खालून ताण लागतो? ताण लागत असेल तर तीन बोटांची फट असली तरी पोट चांगलं काम करतं.

व्यायाम निवडायला एकच खूण : मधल्या रेषेत उंचवटा उभा राहिला तर तो व्यायाम आज नको. प्लँकमध्ये तो उभा राहतोच, म्हणून सध्या नाही. टाच सरकवणं, कुशीवरचे व्यायाम, हातापायांवर राहून एकच हात पुढे नेणं, ब्रिज, इथून सुरू करा. प्रत्येक वेळी जोर लावायच्या क्षणी श्वास सोडा. बाळाला उचलतानाही तेच. अंथरुणातून सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताने उठा. टाक्यांची जागा पूर्ण भरली असेल तर त्यावर बोटांनी हलकं चोळणं सुरू करता येतं, चिकटलेली त्वचा पोटाला आवळू देत नाही. खोकताना लघवी सुटत असेल किंवा खाली जड, ओढल्यासारखं वाटत असेल तर ओटीपोटाचं काम करणाऱ्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवा, हे धाग्यावर भागणारं नाही.

कळमना_गेट

बाजारात पोती उचलणाऱ्या माणसाला हे चालते काय? कंबर भरली की दोन आठवडे घरी, मग परत तेच. चटईवर पाय हलवून 50 किलोचं पोतं कसं उचलणार?

तिसरा_मणका

भाऊ, प्रश्न अगदी बरोबर. नुसत्या चटईवर नाहीच उचलता येणार.

2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) कंबरदुखीवरच्या 10 चाचण्या, 510 माणसं पाहिली. काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी सल्ल्यापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि कामातली अडचण कमी होते, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते वरचढ आहे असा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून पिलाटेस हे पहिल्या टप्प्याचं साधन समजा. दुखऱ्या काळात न घाबरता हलायला आणि खुब्यातून वाकायला ते उत्तम शिकवतं. त्यानंतर खरं वजन लागतंच.

क्रम असा : काठी लावून वाकणं तीन फेऱ्या 10-10 वेळा जमलं की 5 लिटरची पाण्याची कॅन, दोन्ही हातांनी, स्टुलावरून उचलायची. मग 10 लिटर. मग 20 लिटरचा जार, म्हणजे 20 किलो, आधी स्टुलावरून आणि नंतर जमिनीवरून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची : वजन वाढवलं तर उंची तीच. पोत्याला कान नसतात म्हणून 20 किलोनंतर खऱ्या पोत्यातच वाळू किंवा धान्य भरून 25, 30, 40. पोतं पोटाला चिकटवून, वळायचं असेल तर पावलं वळवून, कंबर पिळून नाही. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सहा ते बारा आठवडे धरा. कामावर परतताना पहिला आठवडा अर्धा दिवस मिळाला तर फार बरं, नाहीतर पाठीवर घ्यायची पोती जोडीदाराला आणि गाडी ओढायचं काम स्वतःला, अशी वाटणी करून पाहा.

कळमना_गेट

समजलं जी. व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का?

तिसरा_मणका

0 ते 10 मोजा. सुरुवातीपेक्षा 2 ने वाढलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळ जागी आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी वजन तेच ठेवून फेऱ्या अर्ध्या करा. पायात खाली उतरलं तर आकडा न बघता थांबा.

रविनगरकर

मे महिन्यात घरी कधी करावं? कूलर लावला तरी खोली भट्टीच असते.

फुटाळा

सकाळी सात वाजायच्या आत. पारा 45 कडे गेला की संध्याकाळी आठपर्यंत भिंतीच गरम असतात. कूलरने हवा दमट होते, चटई आणि तळवे घसरतात, म्हणून चटईवर सुती चादर आणि जवळ टॉवेल. बीपीची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी असेल तर आडवं पडून झटकन उठू नका, आधी बसा, मिनिटभर थांबा. डिसेंबरच्या थंडीत उलट : पहिली 8-10 मिनिटं जागच्या जागी चालणं, हात फिरवणं, मग चटई. सकाळी उठल्याउठल्या अर्धा-पाऊण तास चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात, चकतीच्या पेशंटने त्या वेळात पुढे वाकणं टाळावं.

बेसा_रोड

शेवटचं. एकट्याने सत्र घ्यायचं की गटात? किती दिवस?

फुटाळा

पहिली दोन-तीन सत्रं एकट्याने, कारण हात लावून दुरुस्त करावं लागतं. पुढे गट चालतो, पण जास्तीत जास्त पाच-सहा जणांचा, आणि प्रत्येकाचा स्वतःचा कागद हवा. त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : बंद असलेली दिशा, सध्याची पायरी, आणि ज्या कामासाठी आलात ते काम, म्हणजे पूजेला मांडी घालून बसणं, वर्धा रोडवरून तासभर स्कूटर, नातवाला उचलणं, जे काय असेल ते. आठवड्यात दोन सत्रं आणि घरी रोज 15 मिनिटं, असे सहा आठवडे. त्यानंतर पहिल्या दिवशीच्या चाचण्या पुन्हा : 10 वेळा वाकणं, पाय उचलणं, खुर्चीतून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं. आकडे हलले नसतील तर त्याच व्यायामांचं दुसरं पॅकेज घेऊ नका, पुन्हा तपासणी मागा. आकडे सुधारले असतील तर महिन्यातून एकदा दाखवायला जा, बाकी घरी.